आईला स्तनाचा कॅन्सर निघाल्यावर: पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘कार्सिनोमा’ हा शब्द वाचल्यापासून उपचार नक्की ठरेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात. मुलांना सगळ्यात जड जातात ते हेच दिवस. आजार काय आहे ते कळलेलं असतं, पण किती पसरलाय, केमो लागेल का, खर्च किती, आई बरी होईल का, यातलं काहीच कळलेलं नसतं. हे सगळे प्रश्न एकदम डोक्यात घेऊन बसलं की रात्र सरत नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या तपासणीतून, वेगळ्या दिवशी येतं. ती उत्तरं कुठून, केव्हा आणि कोणत्या क्रमाने येतात, ते या लेखात आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नीट निदान करण्यात दोन-तीन आठवडे गेले म्हणून बहुतेक रुग्णांचं नुकसान होत नाही. अर्धवट रिपोर्टवर घाईने ऑपरेशन केलं तर मात्र होतं. अपवाद एकच: स्तन लाल, गरम, सुजलेला आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल तर तो वेगाने वाढणारा प्रकार असू शकतो. तिथे आठवडाभरही थांबू नका.

१. हातात नेमका कोणता रिपोर्ट आहे ते पाहा

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ किंवा ‘बायरॅड्स ५’ लिहिलेलं असलं तरी ते निदान नव्हे. गाठ संशयास्पद आहे, बायोप्सी करा, एवढाच त्याचा अर्थ. बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, हीसुद्धा पुरेशी नसते. ट्रूकट बायोप्सी लागते. तिच्यात गाठीचे बारीक तुकडे निघतात आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्यांच्यावरच होतात. जागा बधिर करून केलेलं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत. तिच्यापायी बायोप्सी टाळू नका. ट्रूकट बायोप्सी ही जगभरची नेहमीची पद्धत आहे. दुसरा खड्डा जास्त महाग पडतो. गावातल्या नर्सिंग होममध्ये ‘छोटी गाठ आहे, काढून टाकू, मग तपासू’ असं सांगितलं जातं. कॅन्सरची गाठ अशी काढली की तिच्या कडांना कॅन्सर उरला का ते कळत नाही, काखेतल्या गाठींचं काय करायचं ते ठरलेलं नसतं आणि पुष्कळदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आधी बायोप्सी, मग निर्णय.

२. एक वही करा

मोबाइलमधल्या नोंदी फोन बदलला, चार्जिंग संपलं की हाताशी राहत नाहीत. दोनशे पानी साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर चार रकाने आखा: प्रश्न, उत्तर कुठल्या तपासणीतून मिळेल, रिपोर्ट कधी येणार, कोणाला विचारायचं. पान भरल्यावर ते साधारण असं दिसतं:

- कॅन्सर कोणत्या प्रकारचा? – बायोप्सी – ३ ते ७ दिवस – सर्जन
- हार्मोनच्या गोळ्या चालतील का? – आयएचसी (बायोप्सीच्या तुकड्यांवर रंग लावून केलेली तपासणी) – बायोप्सीनंतर आणखी साधारण आठवडा – मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरवर औषधं देणारे डॉक्टर)
- हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) नक्की पॉझिटिव्ह का? – फिश (जनुकावरची आणखी एक तपासणी) – आयएचसीत २+ आलं तरच – लॅब
- पसरलाय का? – स्कॅन, गरज असल्यास – सर्जन
- केमो आधी की ऑपरेशन? – वरचं सगळं हाती आल्यावर
- आईपासून मुलांना धोका? – जनुकीय तपासणी – ३ ते ४ आठवडे – जेनेटिक कौन्सेलर

पाचव्या ओळीचं उत्तर पहिल्या चार ओळी भरल्याशिवाय कोणताही चांगला डॉक्टर देणार नाही. ‘डॉक्टर काही स्पष्ट सांगत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा याच टप्प्यातली असते. डॉक्टर लपवत नसतात, त्यांच्याही हातात अजून कागद आलेला नसतो. वहीत तारीख लिहिलेली असली की त्या तारखेपर्यंत त्या प्रश्नाची काळजी बाजूला ठेवणं थोडं जमतं. आणि तारीख उलटली तर लॅबला फोन करायचा, हेही ठरलेलं असतं.

३. रिपोर्ट वाचायला शिका

सगळ्यात जास्त गैरसमज ग्रेड आणि स्टेज यांच्यात होतो. बायोप्सीवर ‘ग्रेड ३’ वाचून घरात रडारड होते, कारण सगळ्यांना ते ‘तिसरी स्टेज’ वाटतं. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते, १ ते ३ मध्ये. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला ते, १ ते ४ मध्ये. ग्रेड ३ असूनही स्टेज १ असू शकते.

आयएचसीच्या रिपोर्टवर चार ओळी असतात:

ईआर आणि पीआर: पेशी हार्मोनवर वाढतात का ते सांगतात. १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशींवर ईआर दिसला तर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्क्यांच्या मधला आकडा असेल तर गोळ्यांचा कितपत उपयोग होईल ते डॉक्टरांना वेगळं विचारा. पॉझिटिव्ह असणं हे चांगलं, कारण किमान पाच वर्षं घ्यायच्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या हाताशी येतात.

हर-टू: ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे ‘सांगता येत नाही’, आणि मग फिश नावाची तपासणी लागते. २+ ला पॉझिटिव्ह समजून महागड्या औषधाची चौकशी करत बसू नका, आणि निगेटिव्ह समजून फिश सोडूही नका. पॉझिटिव्ह निघाल्यास ट्रॅस्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी दिलं जातं. त्याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखेच बनवलेले, प्रकार भारतात तयार होतात आणि मूळ ब्रँडपेक्षा बरेच स्वस्त पडतात. किंमत ऐकून खचण्याआधी हे विचारून घ्या.

केआय-६७: पेशी किती वेगाने वाढताहेत त्याचा अंदाज. लॅबनुसार हा आकडा बदलतो. एकट्या या आकड्यावर झोप घालवू नका.

ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. इंटरनेटवर याच शब्दाभोवती सगळ्यात भीतिदायक मजकूर सापडतो. हार्मोनच्या गोळ्या इथे चालत नाहीत, हे खरं. केमोला मात्र हा प्रकार अनेकदा चांगला प्रतिसाद देतो, हेही तितकंच खरं.

४. स्कॅनची घाई करू नका

‘एकदा पेट-सीटी करूनच टाकू, म्हणजे कळेल तरी’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. पेट-सीटी म्हणजे आजार कुठे पसरलाय ते शोधणारं शरीराचं स्कॅन. गाठ लहान असेल, काखेत काही लागत नसेल, हाडं दुखणं, दम लागणं, वजन घटणं अशी लक्षणं नसतील, तर बहुतेक वेळा पेट-सीटीची गरज नसते. त्यात एखादा निरुपद्रवी ठिपका चमकला की त्याच्या मागे आणखी तपासण्या आणि आणखी दोन आठवड्यांचा घोर. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींत कॅन्सर सापडला असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतील. सांगितलं तर चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, आणि आईला मधुमेह असेल तर साखर २०० च्या खाली असावी लागते. त्या सकाळचं इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही ते आदल्या दिवशी सेंटरला फोन करून विचारा. साखर जास्त निघाली म्हणून परत पाठवतात आणि नवी तारीख आठवड्यानंतरची मिळते, हे नेहमी घडतं.

५. फाइल आणि ब्लॉक

फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवायच्या गोष्टी:

- मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी: रिपोर्ट तर हवाच, शिवाय फिल्म किंवा सीडीही
- बायोप्सी आणि आयएचसीचे मूळ रिपोर्ट, प्रत्येकी तीन झेरॉक्स
- पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड
- चालू औषधांची यादी: बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती ठळक
- आधार, रेशनकार्ड, मेडिक्लेमची कागदपत्रं, पासपोर्ट फोटो

यातला ब्लॉक बहुतेकांना माहीत नसतो. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून लॅबमध्ये जपलेले असतात. दुसऱ्या रुग्णालयात गेलात की तिथले पॅथॉलॉजिस्ट तो ब्लॉक मागतात, कारण त्यांना स्वतः पाहायचं असतं. लॅबमध्ये अर्ज करून तो मिळतो, तुमचा हक्क आहे. तो उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि कुरिअरने एकदम सगळे ब्लॉक पाठवू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर ते याच टप्प्यावर, उपचार सुरू होण्याआधी घ्या. परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रत्येकाने मुंबईच गाठायची गरज नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय इथेही स्तनाच्या कॅन्सरवर उपचार होतात. केमोसाठी महिनोन्‌महिने खेपा घालायच्या असतात. घरापासून दीड-दोन तासांवर चांगलं केंद्र असेल तर ते आठ तासांवरच्या नामांकित केंद्रापेक्षा आईला झेपतं. तज्ज्ञ मत मुंबईत, केमो जवळच्या गावी, अशी विभागणी करता येते का ते डॉक्टरांना सरळ विचारा. परळला राहावंच लागलं तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात आणि जागेसाठी रांग असते.

६. आईला सांगा

‘तिला कळू देऊ नका, खचेल’ हे नातेवाईक सांगतात, आणि ते प्रेमापोटीच सांगतात. पण हे टिकत नाही. संमतीपत्रावर सही तिची लागते. केमो वॉर्डात शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारते, ‘तुमची कितवी स्टेज?’ पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. तोवर तिला सगळं उमगलेलं असतं. फक्त मुलांनी आपल्याला सांगितलं नाही, एवढंच तिच्या मनात राहतं, आणि मग ती स्वतःची भीतीही मुलांपासून लपवते.

सांगताना एका बैठकीत सगळं ओतू नका. आधी तिलाच विचारा: ‘आई, रिपोर्ट आलाय. तुला सगळं सांगू, की आत्ता जरुरीपुरतं?’ मग एका वाक्यात आजाराचं नाव, एका वाक्यात पुढची पायरी: ‘गाठ कॅन्सरची आहे. बुधवारी डॉक्टर पुढचं सांगणार आहेत, मी आणि ताई दोघंही येतोय.’ आणि गप्प बसा. ती काय विचारते ते ऐका. ‘तुला काही होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘जे कळेल ते तुला सांगू’ हे वचन देता येतं, आणि पाळता येतं. ती म्हणाली की मला तपशील नकोत, तर तेही माना. मग डॉक्टरांशी बोलायला एक माणूस ठरवा आणि तिच्या संमतीनेच ठरवा.

नातेवाइकांसाठीही एकच माणूस नेमा. आत्या, मावशी, काका सगळ्यांना वेगवेगळे फोन करण्यात रोजचे दोन तास जातात, आणि प्रत्येक फोनवर तेच दुःख पुन्हा सोसावं लागतं. व्हॉट्सॲपवर आठवड्यातून एक निरोप पुरे: ‘आईची बायोप्सी झाली, उपचार ठरताहेत. पुढची तारीख १४. तिच्याशी गप्पा मारायला जरूर फोन करा, आजाराची चौकशी मात्र माझ्याकडे करा.’

७. उपचार ठरतात त्या दिवशी

दोघांनी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. विचारायचे प्रश्न: स्टेज किती? केमो आधी की ऑपरेशन आधी, आणि का? स्तन वाचवता येईल का? उपचारांचा हेतू आजार पूर्ण बरा करण्याचा आहे की आटोक्यात ठेवण्याचा? एकूण किती महिने, अंदाजे किती खर्च? रात्री काही झालं तर फोन कोणाला?

दोन ठिकाणी घरचे हमखास गोंधळतात. ‘आधी केमो’ म्हटलं की वाटतं, ऑपरेशनच्या पलीकडे गेलं म्हणजे. तसं नाही. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर अनेकदा मुद्दामच आधी केमो देतात. गाठ आटते, औषध लागू पडतंय का ते डोळ्यांनी दिसतं. अशा वेळी केमोआधी गाठीत बारीक धातूची खूण, म्हणजे क्लिप, बसवणार का ते विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशनच्या वेळी जागा शोधायला तीच उपयोगी पडते.

दुसरं, ‘कशाला ठेवायचा, पूर्णच काढून टाका’. योग्य रुग्णात फक्त गाठ काढून वर रेडिएशन दिलं तरी आयुर्मान पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं, हे वीस वर्षं रुग्णांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासांनी २००२ सालीच दाखवलंय. हा निर्णय आईचा. मुलांनी, आणि बाबांनीही, तिच्या वतीने तो घेऊ नये.

८. पैशाची अनिश्चितता

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, कॅन्सर त्यात येतो. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी बघा. तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी रोख भरून नंतर योजनेतून परत मिळवू, या भरवशावर राहू नका. नेहमीची अडचण नावाची: आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डवर दुसरं, किंवा आईचं नाव गावच्या कार्डावर आणि तुम्ही पुण्यात. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहतानाच ही दुरुस्ती सुरू करा. सत्तरी ओलांडलेल्या आईसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

नोकरीतल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे का ते एचआरला विचारा. तिथे जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. निदानानंतर घेतलेली नवी पॉलिसी मात्र या खर्चाला कामी येत नाही. रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत घ्या, रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं. सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे.

९. उपचार चालू असताना

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. फोनवर सांगायचं एवढंच: ‘स्तनाच्या कॅन्सरची पेशंट, केमोचा दहावा दिवस, ताप १०१.’ तीन गोष्टी ऐकल्या की समोरच्याला काय करायचं ते कळतं.

कोणताही काढा, चूर्ण, कोणा ओळखीच्याने दिलेल्या पुड्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय देऊ नका. लिव्हरवर ताण आला की पुढची केमो लांबते. आईला ते घ्यायचंच असेल तर भांडू नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुमचं स्वतःचंही पाहा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, असं झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोला. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री दहानंतर ‘जगण्याचं प्रमाण’ शोधत बसू नका. ते आकडे अनेक वर्षांपूर्वी निदान झालेल्या, वेगवेगळ्या प्रकारच्या हजारो रुग्णांची सरासरी असतात.

उपचार संपले की वेगळीच अनिश्चितता सुरू होते: परत तर येणार नाही ना? पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, हे नेहमीचं वेळापत्रक. लक्षण नसताना दर सहा महिन्यांनी पेट-सीटी किंवा सीए १५-३ ही रक्ततपासणी करून आयुष्य वाढत नाही, घोर मात्र वाढतो. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, दम, सततची डोकेदुखी दोन-तीन आठवडे टिकली तर तारखेची वाट न पाहता दाखवा.

१०. मुलांचा स्वतःचा प्रश्न

बहुतेक स्तनाचे कॅन्सर आनुवंशिक नसतात. आनुवंशिक असणारे साधारण ५ ते १० टक्के. आईचं वय ५० किंवा कमी, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. आधी तपासणी आईची करायची. ती सोडून मुलीने स्वतःचीच केली आणि निगेटिव्ह आली, तर त्यातून काहीच नक्की कळत नाही. आईत दोष सापडला तर प्रत्येक अपत्यात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगेही त्यात आले. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून कोणतंही ऑपरेशन करू नका.

तपासणी केली नसेल तर मुलींसाठी नेहमीचा हिशेब: आईचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून मॅमोग्राफी, पण तिशीच्या आत नाही. आईला ४८ व्या वर्षी निघाला असेल तर मुलीने ३८ पासून. सख्ख्या मावशीलाही हे कळवा.